हुकल्याचा एक पॉइंट

इथं अमेरिकेत, आमच्या कॅरी गावातल्या तळ्याकाठी रोज वॉकला भेटणाऱ्या त्या ऑस्ट्रेलियन आजोबांचं नाव मी कधी विचारलंच नाही. तरुणपणी ते तिकडचा फुटबॉल खेळायचे, लांबट चेंडूचा. बोटं वाकडी, गुडघा कामातून गेलेला, पण चेहरा नुकतंच पोटभर जेवल्यासारखा.

एकदा मी कॉफीचा रिकामा कप लांबूनच कचऱ्याच्या डब्यात फेकला. तो काठाला लागून बाहेर पडला. आजोबांनी गंभीरपणे एक बोट वर केलं.

"हे काय?"

"एक पॉइंट. आमच्याकडे गोलचे सहा, पण थोडक्यात हुकला तरी एक मिळतो. माझं अख्खं करिअर या एकेकावर झालं!" म्हणाले आणि मनापासून हसले.

लेकीच्या प्रत्येक टेस्टनंतर "आउट ऑफ किती?" विचारणाऱ्या माझ्यासारख्या आईला हा खेळ नवलाचाच वाटला.

परवा लेकीचा व्हिडिओ कॉल आला. इंटरव्ह्यूच्या शेवटच्या राउंडपर्यंत जाऊन तिची नोकरी हुकली होती. मी एक बोट वर केलं.

"व्हॉट्स दॅट, आई?"

"एक पॉइंट. थोडक्यात हुकलं ना, त्याचा."

तिनं नाक पुसलं.

"आउट ऑफ किती?" म्हणाली, आणि रडतारडताच फसकन हसली.