खाडीची पानं

बोईसरपलीकडच्या एका किनारी गावातल्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे. सातवी-आठवीच्या मुलांकडून निसर्गाची वही लिहून घ्यायचं माझ्याच डोक्यातलं खूळ. दर शनिवारी मुलांनी आठवडाभरात पाहिलेलं आणायचं: तारीख, वेळ, वारा कुठून होता, आणि पेन्सिलीनं एक चित्र. बहुतेक जण जास्वंद नाहीतर कावळा काढून मोकळे व्हायचे.

एक मुलगी मात्र तशी नव्हती. तिचा बाप बोटीवर जायचा, आई सुकी मासळी विकायची, आणि घराच्या मागच्या दारी खाडी. ती निवट्यांबद्दल, चिखलात उड्या मारणाऱ्या त्या इवल्या मासळ्यांबद्दल लिहायची. कुठली बिळात शिरली, कुठली शेपटीवर उडाली, भरती आल्यावर त्या कुठे गेल्या. तिची वही मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवायचे.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी तिनं वही माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली. तीन पानं भरली होती. खाडीचं पाणी तांबूस झालं, डोळे चुरचुरले, बोय मासे उलटे होऊन काठाला लागले. चित्रात निवट्या बिळाबाहेर आडव्या पडल्या होत्या, प्रत्येकीचं तोंड उघडं.

"आईनं सांगितलं, हात लावू नको. म्हणून लांबून काढल्या," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात शाळेत वह्यांचं प्रदर्शन होतं. पाहुणे म्हणून खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या कारखान्याचे साहेब येणार होते. शाळेची नवी बाकं त्यांनीच दिली होती. मुख्याध्यापकांनी वह्या चाळल्या आणि मला बोलावलं.

"एवढी तीन पानं नकोत, बाई."

"सर, तिनं पाहिलंय ते."

"मी कुठे खोटं म्हणतोय? पण वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप तिथेच कामाला आहेत. उद्या काही झालं तर त्यांच्यासमोर तुम्ही उभ्या राहणार का?"

मी वह्या उचलून बाहेर आले. मधल्या सुट्टीत मुलीला बाजूला घेतलं आणि सरांचंच बोलणं गोड करून सांगितलं.

तिनं विचारलं, "बाई, मी खोटं लिवलं का?"

"नाही गं."

तिनं वहीची पिन नखानं सरळ केली, पानं अलगद सोडवली आणि माझ्या हातात दिली. प्रदर्शनात तिच्या वहीला दुसरं बक्षीस मिळालं. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा ती जमिनीकडे बघत होती.

मला चैन पडेना. सुट्टीच्या दिवशी ती पानं घेऊन मी कोळगावच्या जिल्हा कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसानं नीट ऐकून घेतलं, मग अर्ज पुढे सरकवला. "तक्रारदाराचं नाव, पत्ता आणि नोकरी कुठे ते लिहा." पेन माझ्या हातात होतं. मी नाव लिहिलं. नोकरीच्या रकान्यापाशी थांबले. अर्ज घडी करून पर्समध्ये टाकला आणि रिक्षा पकडली.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मुलीनं आठवीची नवी वही आणली. पहिल्या पानावर मोर होता, पिसारा फुलवलेला, रंग सुंदर भरलेले. तारीख होती, वेळ होती, वारासुद्धा लिहिला होता.

"कुठे दिसला हा?"

"पुस्तकात."

मी खाली 'छान' लिहिलं आणि सही केली.