मुखपृष्ठावरचं आडनाव

वहिनींना राग येतो हे घरात कुणाला फारसं ठाऊकच नव्हतं. त्यांच्या कामात राग परवडणारा नव्हता. चष्म्याच्या दुकानामागच्या बिनखिडकीच्या खोलीत त्या वीस वर्षं लेन्स घासून फ्रेममध्ये बसवत होत्या. हात जरा जड पडला की काचेचा टवका उडायचा. बोलणंही त्यांचं तसंच, बेताचं.

शनिवारी दुकान अर्धा दिवस असे, आणि त्या दुपारी मात्र वहिनी ओळखू येत नसत. जेवणाच्या टेबलावर जाड कागदाचा नकाशा अंथरला जायचा, भोवती चौघं बसायची, आणि वहिनी गोष्ट चालवायच्या. हा खेळ ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, एक जण एक जग उभं करतो आणि बाकीचे त्यातलं एकेक पात्र होतात. समोर दार आहे म्हटल्यावर ते फोडायचं, त्याला कान लावायचा की मागे फिरायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगतो. यात कुणी जिंकत नाही. संध्याकाळी जिथे थांबलो, तिथून पुढच्या शनिवारी पुढे जायचं.

वहिनींनी उभं केलेल्या शहरात मेलेल्यांचे आवाज बरण्यांत भरून तळघरात ठेवत. ज्या घराची बरणी फुटली, त्या घराला शहरात तोंड दाखवायला जागा नसे. त्या शहराच्या गल्ल्या, पहारेकरी, पहारेकऱ्यांची आपापसातली भांडणं, कुठली विहीर किती खोल, हे सगळं वहिनींनी नऊ वर्षांत, दुपारचा डबा खाता खाता, अकरा वह्यांमध्ये लिहून काढलं होतं. शनिवारी त्या वह्या टेबलावरच असत, कुणीही चाळाव्यात.

खेळायला येणाऱ्यांत शाळेच्या ऑफिसातल्या कारकूनबाई होत्या, नळदुरुस्ती करणारे प्लंबरकाका होते आणि इस्पितळातली सिस्टर होती. चौथा वहिनींचा धाकटा दीर. तो जाहिरातींची वाक्यं लिहायचा. खेळात त्यानं चोराचं पात्र घेतलं होतं, आणि तो ते फार झकास वठवायचा, हे वहिनी आजही मान्य करतात.

एका रविवारी हा दीर घरी आला तो एक जाडजूड पुस्तक घेऊन. त्यानं ते सासूबाईंच्या हातात ठेवलं आणि त्यांच्या पाया पडला. सासूबाईंनी चष्मा लावून मुखपृष्ठावरचं आडनाव मोठ्यानं वाचलं आणि डोळे पुसले. पुस्तकाचं नाव होतं ‘बरण्यांचं शहर’.

वहिनींना आधी वाटलं, आपलं काहीतरी वाचण्यात चुकतंय. त्यांनी पान उलटलं. अर्पणपत्रिकेत एकच ओळ होती: ‘वहिनींच्या हातच्या चहाला.’

“बघ, तुझी आठवण ठेवलीय पोरानं,” सासूबाई म्हणाल्या.

वहिनींनी पुस्तक पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतलं. पानापानावर त्यांची गल्ली, त्यांची विहीर, त्यांचा पहारेकरी. भाषा दिराची होती, आणि चांगली होती. तीन वर्षं पहाटे उठून त्यानं लिहिलं होतं, हेही खरं होतं. वहिनींनी स्वतःला समजावलं की घरातला माणूस आहे, उगाच शब्दानं शब्द वाढेल. चार दिवस हे समजावणं चाललं.

पाचव्या दिवशी दोनशे बारावं पान आलं.

दोन वर्षांपूर्वी सिस्टरची आई गेली. त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी सिस्टर खेळायला आली, ती न बोलता बसून राहिली. त्या दिवशी फासा फिरला आणि तिचं पात्र, एक म्हातारी वैदू, मरणाला टेकलं. सिस्टरनं बरणी मागितली. वहिनींनी स्वयंपाकघरातली एक रिकामी काचेची बरणी आणून तिच्यापुढे ठेवली. सिस्टर तिच्यात तोंड घालून म्हणाली, “माझा आवाज ठेवताय, तर एवढंच ठेवा. मी रोज विचारायचे, जेवलीस का. त्याच्यापुढचं बोलायचं राहून गेलं.” टेबलावर कुणाला मान वर करवली नव्हती. प्लंबरकाका उठून नळ नीट आहे का बघायला मोरीत गेले होते.

ते शब्द दोनशे बाराव्या पानावर जसेच्या तसे होते. तेही एका मिशाळ सेनापतीच्या तोंडी.

त्या दुपारी वहिनींच्या हातून दोन लेन्स टवकल्या. मालकांनी विचारलं, बरं वाटत नाहीये का. वहिनी म्हणाल्या, “बरं वाटतंय. राग आलाय.”

घरी त्यांनी नवऱ्याला ते पान वाचून दाखवलं. नवरा सरळ माणूस, पण भावाचा विषय निघाला की मऊ पडायचा.

“अगं, लहान आहे तो. चुकलं असेल.”

“अडतीस वर्षांचा आहे. आणि नाव फक्त त्याचंच छापलंय.”

“तरी पण. आता छापून झालंय, काय करणार?”

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, “एवढं काय झालंय? घरातलं घरातच राहिलं ना? आणि नाव नाव काय करतेस, आडनाव तर एकच आहे.”

वहिनींनी हातातलं पुस्तक मिटलं. “आई, आडनाव मला लग्नात मिळालं. शहर नव्हतं मिळालं. ते मी बनवलंय.”

सून उलट बोलली याचाच सासूबाईंना धक्का, काय बोलली ते नंतर.

शनिवारी वहिनींनी दिराला तासभर आधी बोलावलं. नकाशा अंथरला नव्हता.

“भावजी, ही वाक्यं कुणाची?”

त्यानं पान पाहिलं आणि जरा हसला. “वहिनी, टेबलावर बोललेलं सगळ्यांचंच असतं.”

“मग मुखपृष्ठावर सगळ्यांची नावं का नाहीत?”

“लिहिलं मी ना. तुम्ही लोक खेळत होता. मी ते साहित्यात आणलं.”

“आम्ही खेळत होतो म्हणून ते पडलेलं होतं का, उचलून न्यायला? सिस्टरला विचारलंत?”

“तिला आनंदच होईल.”

“तिला विचारलंत का, एवढंच विचारतेय मी.”

त्यानं विचारलं नव्हतं. तो म्हणाला की वहिनी हे सगळं फार मनाला लावून घेतायत, शेवटी खेळच तो. नऊ वर्षं या माणसासाठी आपण दर शनिवारी नवी गल्ली मांडली, आणि त्याच्या लेखी तो शेवटी खेळच. वहिनींच्या कानशिलात ठणकायला लागलं. आवाज मात्र चढला नाही. “आज तुम्ही खेळायला बसू नका,” त्या म्हणाल्या, आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

बाकीचे आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. सिस्टरनं पान वाचलं, पुन्हा वाचलं आणि पुस्तक उलटं टाकलं. कारकूनबाईंचे ओठ पांढरे पडले. प्लंबरकाका म्हणाले, “चोराचं पात्र मागून घेतलं तेव्हाच कळायला हवं होतं आपल्याला.” कुणी हसलं नाही. त्यांनाही हसवायचं नव्हतं.

प्रकाशकाला पत्र कारकूनबाईंनी लिहिलं. शाळेत बावीस वर्षं अर्ज लिहिलेला हात तो. महिन्याभरानं प्रकाशकाकडच्या एक संपादक आल्या, चष्म्याच्या दुकानातच. त्या बोलायला गोड होत्या. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, वगैरे सांगत होत्या. वहिनींनी ऐकून घेतलं आणि चौथी वही उघडली. उत्तरेच्या वेशीचं वर्णन, वर सहा वर्षांपूर्वीची तारीख, आणि पुस्तकातल्या एकतिसाव्या पानावर तेच वर्णन, अर्धविरामासकट. संपादकबाईंचा गोडवा तिथे ओसरला. त्या अकराच्या अकरा वह्या चाळत बसल्या. जाताना म्हणाल्या, “हे आम्हाला सांगितलंच नव्हतं.”

दुसऱ्या आवृत्तीत आतल्या पानावर एक मजकूर आला. हे शहर, त्यातली माणसं आणि त्यांचं बरंचसं बोलणं अमुक अमुक यांच्या खेळातून घेतलं आहे, आणि पुढे चौघांची नावं, वहिनींचं पहिलं. टाइप इतका बारीक की सासूबाईंना चष्म्यानंही वाचता आला नाही, किंवा त्यांनी तसं सांगितलं. मुखपृष्ठ होतं तसंच राहिलं. संपादकबाईंनी सिस्टरला विचारलं होतं, तुमच्या वाक्यांचं काय करू या. ती म्हणाली, “काढा.” नव्या आवृत्तीत सेनापती एक अक्षर न बोलता मरतो. ते प्रकरण त्यामुळे सुधारलं असं कारकूनबाईंचं मत आहे.

दीर घरी येईनासा झाला. सासूबाईंनी वर्षभर वहिनींशी थोरल्या मुलामार्फत बोलणं ठेवलं: “तिला सांग, दूध उतू जातंय.” नात्यातल्या एका समारंभात एका काकूंनी वहिनींना बाजूला घेऊन समजावलं की एवढ्याशा गोष्टीवरून घर फोडू नये. वहिनींनी त्यांना विचारलं, तुम्ही कधी काही बनवलंय का, आणि ते दुसऱ्याच्या हातात पाहिलंय का. काकू ताट घेऊन दुसऱ्या टेबलाकडे गेल्या. वहिनींना त्याचं वाईट वाटलं नाही. पूर्वी वाटलं असतं.

बरण्यांच्या शहरात मात्र पुन्हा खेळणं झालं नाही. दोनदा नकाशा अंथरून पाहिला, पण कुठल्याही गल्लीत शिरलं की पुस्तकातलं वाक्य आडवं यायचं. वहिनींना सगळ्यात जास्त संताप याचा आहे. नाव छापून आलं, पण शहर काही परत मिळालं नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी नवं जग मांडलं, वाळवंटातून चालत राहणाऱ्या एका दीपगृहाचं. पहिल्या दिवशी नवी वही काढली, पहिल्या पानावर ‘हे जग चौघांचं’ असं लिहून खाली चौघांची नावं घातली आणि वही सहीसाठी सिस्टरकडे सरकवली.

“आता खेळायलाही सह्या?” प्लंबरकाका म्हणाले.

“हो,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्यापुढे पेन धरलं.