तबकडीची तालीम

फुलसावंगीकडच्या एका तांड्यात हंसाबाई गाणं उचलायची आणि बाकीच्या बाया ते झेलायच्या. तिनं ओळ टाकली की साऱ्यांनी ती मागून म्हणायची, ही तिथली रीत. ओळ तशीच पडू देणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला पाणीही न विचारणं. एकसष्ट-बासष्टच्या सुमारास मुंबईची एक कंपनी पुसदला आली, हंसाबाईच्या मेळाची होळीची गाणी यंत्रात भरून घेऊन गेली, आणि गाण्यांची तबकडी होळीआधी पाठवते म्हणाली. झालं, हंसाबाईचे पाय काही जमिनीला लागेनात.

तिची हाव एकच. जन्मभर गायली, पण आपला आवाज बाहेरून कसा येतो हे तिला ठाऊक नव्हतं. मनातल्या मनात तिनं तो मधासारखा ठरवूनही टाकला होता. तिच्या मागून गाणारी बिजलीबाई म्हणायची, "मध कायचा वो, भुंगा हाय भुंगा!" आता निवाडा तबकडीच करणार होती.

तांड्याचे नाईक उत्तमसिंग म्हणाले, "आधी तालीम करून पाहू. त्या दिवशी फजिती नको." पुसदच्या कोर्टातल्या कारकुनाची बायको शीला त्या दिवशी तबकडी वाजवायला आपला फोनो आणणार होती, पण तालमीला फोनो कुठून आणायचा? मग बाजेवर घोंगडी टाकली, वर पितळेची परात ठेवली, आणि खाली तबकडी म्हणून खुद्द हंसाबाई शिरली. गुडघे हनुवटीला लावून बसली. नाईकांनी परात फिरवली, खालून ओळ निघाली, आणि ती संपायच्या आत साऱ्या बाया मागून कडाडल्या.

"चूप राह्या ना वो!" बाजेखालून तबकडी ओरडली. "तबकडीच्या मागं कोनी गाते काय?"

"तू ओळ टाकली, मंग आमी काय पाह्यत बसू?" बिजलीबाई म्हणाली. "आन तबकडी कधी खेकसते काय?"

पुन्हा परात फिरली, पुन्हा तेच. शेवटी हंसाबाईनंच अक्कल लढवली. त्या दिवशी हरेकीच्या तोंडात गुळाचा मोठा खडा द्यायचा, फोनो थांबेपर्यंत गिळायचा नाही. एवढी हुशारी आपल्याला सुचली म्हणून ती तांडाभर मिरवून आली.

तबकडी आली. शीला फोनो सांभाळत बैलांच्या दमणीतून उतरली. "सुईला कुणी हात लावायचा नाही हं," तिनं बजावलं. गाल फुगवलेल्या बाया रांगेनं बसल्या. हंसाबाई त्या दिवशीची मानाची. तिच्या तोंडात गूळ कोण कोंबणार? तबकडी फिरली, आतून कोणीतरी ओळ टाकली, आणि सगळ्या तांड्यात एकटीच बाई मागून कडाडली. हंसाबाई.

शीलानं दचकून सुई उचलली. नाईकांनी कपाळाला हात लावला.

"मी काय करू, नाईक? कोनी ओळ टाकली का मले राह्यवत नाही."

"अवो, पन ते तूच होती ना!"

"मले काय मालूम? माह्या आवाजाची न माही वळख कधी झाली?"

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तिसऱ्या खेपेला बिजलीबाई मागून आली आणि तिनं हंसाबाईचं तोंड हातानं गच्च दाबलं. मग हंसाबाईनं ऐकलं. कपाशीत शिरलेल्या म्हशीला लांबून हाका माराव्या, तसा आवाज होता. बाजू संपल्यावर बिजलीबाईनं भीत भीत हात काढला.

"असाच निघते?" हंसाबाईनं विचारलं.

"असाच," बिजलीबाई गूळ गालात सरकवून म्हणाली.

"मंग इतके साल तुमी ऐकून कसा घेतला वो?"

"ऐकत कोन होतं? आमाले मागून म्हनाची घाई."

हंसाबाई पोट धरून हसायला लागली. डोळे पुसून शीलाला म्हणाली, "लावा बाई दुसरी बाजू. आन तुमी वो, गिळा तो गूळ न गा!"

सुई टेकली, आणि सारा तांडा गाण्यावर तुटून पडला. दुसऱ्या बाजूला कोणतं गाणं होतं, ते फोनोला कान लावून बसलेल्या शीलालाही सांगता आलं नाही.