काकांचा डावा कान

आमच्या धाकट्या काकांना स्वस्थ बसलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या नांदेडात शोधून सापडायचा नाही. शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले, पण त्यांचा उजवा पाय काही निवृत्त झाला नाही. जेवताना, दाढी करताना तो सारखा ठेका धरतो. सत्यनारायणाला मांडी घालून बसवलं, तर निदान अंगठा हलतो. काकू म्हणते, "लग्नात अंतरपाटाखालून ह्यांचा पाय हलायलता. मला वाटलं, घाबरलेत." घाबरले नव्हते. त्यांच्या डोक्यात ते इंग्रज वाजत होते.

ते इंग्रज म्हणजे लांब केसांचे रॉक बँडवाले. काका कॉलेजात असताना त्यांनी आणि त्यांच्या जिवलग मित्राने कुठूनशी त्यांची कॅसेट मिळवली आणि दोन्ही पोरं वाया गेली, असं आजोबा म्हणायचे. मित्र लातूरच्या आडतवाल्यांच्या घरचा. दोघांत वॉकमन एकच, म्हणून डावा कान काकांचा आणि उजवा मित्राचा. त्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार डावीकडे वाजे नि गाणारा उजवीकडे गाई. साहजिकच काका गिटारवाल्याचे भक्त झाले, मित्र गायकाचा. पुढे तिकडे त्या दोघांचं फाटलं, गिटारवाला बँड सोडून गेला, आणि चूक कुणाची यावरून आमचे हे दोघे लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मित्राच्या भर दुकानात असे भांडले की बोलणंच बंद झालं. मित्राच्या मुलीची लग्नपत्रिका आली, ती काकांनी देवापुढे ठेवली, पण गेले नाहीत. "गिटारवाल्याला शिव्या देणाऱ्याच्या दारात मी अक्षता टाकू का?"

आता गाणी मोबाइलवर आली, तरी काका ऐकतात एकाच कानाने. इअरफोनची उजवी बाजू छातीवर लोंबत असते. विचारलं तर म्हणतात, "एक कान तुझ्या काकूसाठी मोकळा ठेवावा लागतो बाई." काकूचं म्हणणं, त्या कानानेही त्यांना काही ऐकू येत नाही.

मागच्या हिवाळ्यात बातमी आली, की तो गिटारवाला नि तो गायक म्हातारपणी पुन्हा एका मंचावर येणार. काकांनी घरात इतक्या येरझाऱ्या घातल्या की काकूने शेवटी त्यांच्या हातात दळणाचा डबा दिला. "ते तिकडं बोलायलेत," ते मला म्हणाले, "आन् आम्ही इथं असे." दुसऱ्या दिवशी त्यांनी लातूरची एसटी धरली. संध्याकाळी परत हजर. "चाकूरपर्यंत गेलतो, लातूर तासाभरावर राहिलं. मग वाटलं, त्यानं दारातूनच वापस लावलं तर?" पुढे हा नादच झाला. दर बुधवारी चाकूरला जायचं, स्टँडवर चहा प्यायचा, लातूरची गाडी सुटताना बघायची नि नांदेडची गाडी धरायची. मला राग यायचा आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं. मित्रावाचून हा माणूस झुरत होता नि कबूल करत नव्हता.

शेवटी मीच लातूरला फोन केला. काका दर बुधवारी चाकूरपर्यंत येतात आणि परत फिरतात, असं सांगितलं. पलीकडून काकांचे मित्र म्हणाले, "कामून? पुढं रस्ता न्हाई का?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतरच्या बुधवारी मीही काकांबरोबर गेले. ते नेहमीच्या बाकावर बसले होते, डाव्या कानात गाणं, पाय चालू. लातूरकडून गाडी आली. कपाळाला विभूती लावलेले एक लठ्ठ गृहस्थ गुडघे सांभाळत उतरले आणि येऊन काकांच्या उजव्या बाजूला बसले. नमस्कार-चमत्कार काही नाही. काका समोरच बघत राहिले. गृहस्थांनी काकांच्या छातीवर लोंबणारा इअरफोन उचलला, शर्टाला पुसला नि आपल्या कानात घातला.

थोड्या वेळाने म्हणाले, "आवाज वाढव. कमी ऐकू यायलंय आता."

काकांनी वाढवला. नांदेडची गाडी लागली तशी मी त्यांना हाक मारायला उठले, आणि तशीच परत बसले. त्या इंग्रजांचं गाणं लागलं की पाय आवरत नाही, असं काकाच नेहमी सांगतात. त्यांचा पाय थांबला होता.