खंडेनवमीचं ओतकाम

चाकणच्या एका ओतकाम कारखान्यात मी नव्या कामगारांना सुरक्षिततेचे धडे देतो. साच्यात ओल असेल आणि वितळलेला धातू आत गेला, तर वाफ होऊन तो बंदुकीच्या छऱ्यांसारखा उलटा उडतो, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो.

गेल्या खंडेनवमीला मी चिखलीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर मुलीसाठी कमरपट्ट्याचं बक्कल ओतत होतो. एका व्हिडिओ गेममधल्या राणीचा पोशाख घालून ती स्पर्धेत उतरणार होती. बक्कल तिनं मेणात कोरलं होतं. त्याभोवती प्लास्टर ओतून, मेण जाळून काढलं होतं. आता आतल्या पोकळीत ॲल्युमिनियम ओतायचं बाकी होतं.

"अहो, कंपनीची भट्टी आज बंद आणि घरची चालू?" बायको म्हणाली. "देवीला काय सांगणार?"

"सांग, शनिवारी स्पर्धा आहे," मुलगी म्हणाली.

मी धातू वितळवायची मूस, सांडशी आणि साचा पाटावर मांडले. हळदकुंकू वाहिलं. कंपनीत यंत्रांवर शिंपडतो तसं तांब्यातलं पाणी झेंडूच्या फुलानं सगळ्यांवर शिंपडलं. साच्यावरसुद्धा. प्लास्टरनं ते पिऊन टाकलं. मी बघत होतो, तरी हात थांबला नाही. नंतर साचा थोडा वेळ केकच्या ओव्हनमध्ये ठेवला. वरून कोरडा लागला. तेवढ्यावर माझं समाधान झालं. बायको नैवेद्याचं बघायला खाली गेली.

सुरक्षेचा चष्मा एकच होता. तो माझ्या डोळ्यांवर होता.

वितळलेल्या ॲल्युमिनियमची धार साच्यात गेली आणि आत काहीतरी खदखदलं. मग फट्‌कन आवाज झाला. मी मूस टाकली आणि मागे उडी मारली. एकट्यानं. पाठ पाण्याच्या टाकीला लागली तेव्हा समोर पाहिलं. मुलगी होती तिथंच उभी होती, दोन्ही हात चेहऱ्यावर.

माझे पाय हलेनात. आवाज ऐकून बायको जिन्यातून धावत आली, तिनंच तिला नळाखाली नेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा तपासला तेवढा वेळ मी भिंतीकडे बघत होतो. धातूचा थेंब डोळ्याखाली बोटभर अंतरावर, गालाच्या हाडावर बसला होता. "डोळा वाचला," ते म्हणाले. बायको मटकन खाली बसली आणि रडू लागली.

"बाबांनी ओढलं मला, म्हणून वाचले," मुलगी तिला म्हणाली.

ते ऐकून मी हादरलो. आयता मिळालेला तो मान क्षणभर मला हवासाही वाटला.

"नाही गं," मी म्हणालो. "मी पळालो."

बायकोनं मान वर केली. अजून ती माझ्याशी त्याबद्दल बोललेली नाही.

"मला माहितीये, बाबा," मुलगी म्हणाली. "आई रडत होती ना, म्हणून म्हटलं."