आण्णांचा हिममानव

आण्णांनी हिममानव पाहिला होता, ही गोष्ट आमच्या घरात आडनावासारखी होती. तिचा पुरावा कुणी मागत नसे.

आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन मेढ्याजवळच्या आमच्या गावी आले आणि चार वाफे भात, दोन म्हशी यांत रमले. तरुणपणी ते उत्तरेकडे एका बर्फातल्या पोस्टवर होते. चौघेजण, पत्र्याची एक खोली आणि सगळीकडे पांढरं. सामान घेऊन येणारे डोंगरातले हमाल त्यांना सांगायचे, की वरच्या कड्यावर ‘तो’ राहतो, त्याचं नाव घ्यायचं नसतं. आण्णाही आयुष्यभर त्याला ‘त्यो’च म्हणाले. हिममानव हा शब्द आम्ही पुस्तकातून आणला.

गोष्ट अशी होती. एके सकाळी रॉकेलच्या डब्याभोवती पावलं उमटलेली दिसली, दीड वीत लांब. दुसऱ्या दिवशी दुपारी ‘त्यो’ स्वतः आला. दोन पायांवर, माणसापेक्षा उंच. चौघांपैकी एकजण, लोणंदचा, आण्णांचा जिवलग दोस्त, बंदूक घेऊन बाहेर पडला आणि त्याला हाकलत कड्यापर्यंत गेला. तिथे बर्फाची कड तुटली. दोस्त गेला. ‘त्यो’ पुन्हा कधी त्या बाजूला फिरकला नाही.

त्या दोस्ताची बायको लोणंदला असायची. आण्णा दर भाऊबीजेला तिच्याकडे जायचे. सख्खा भाऊ नव्हता तिला. आम्ही तिला आत्या म्हणायचो. तिच्या घरात नवऱ्याचा वर्दीतला फोटो होता आणि तिची नातवंडं, कुणी आलं की, आजोबांनी राक्षसाला कसं पळवलं ते हातवारे करून सांगायची. तेव्हा आत्या पदराने फोटोची काच पुसायची. ती काच मळलेली मी कधी पाहिली नाही.

मी शिकले, विज्ञानाची शिक्षिका झाले, लग्न होऊन पलूसला गेले आणि तिथल्याच एका हायस्कुलात लागले. वर्गात भुतांचे, करणीचे, दोन तोंडांच्या सापाचे समज खोडून काढताना मला जोर चढायचा. मुलं माझ्यावर खूश असायची. माहेरी गेल्यावर आण्णांची गोष्ट मात्र मी मान खाली घालून ऐकायचे. त्याचा मला राग यायचा, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. खरं तर राग नव्हता. लाज होती. विज्ञानाच्या बाईंचा बाप ‘म्या त्यो बघितला’ म्हणतो, याची लाज.

दोन वर्षांपूर्वी सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेने आण्णांना पाहुणे म्हणून बोलावलं. मुख्याध्यापकांनीच सुचवलं, मी नाही म्हणू शकले नाही. आण्णा आदल्या दिवशीच मुक्कामाला आले. सकाळी इस्त्रीचा सदरा, छातीवर पदकं. झेंडा फडकला, शाल-श्रीफळ झालं, आणि आण्णा बोलायला उभे राहिले. बर्फात पाणी कसं वितळवायचे, दाढी कशी गोठायची, असं सांगता सांगता ते त्या गोष्टीवर आले. सहाशे मुलं उन्हात बसलेली, एकाचीही चुळबूळ नाही.

शेवटी आठवीतली एक मुलगी उठली. “आजोबा, हिममानव खरंच असतो का?”

“हाय,” आण्णा म्हणाले. “म्या बघितलाय.”

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. गेल्याच आठवड्यात मी त्याच मैदानावर वैज्ञानिक दृष्टिकोनावर अर्धा तास बोलले होते. मागे बसलेले दोन शिक्षक हसत होते. मी उठले, आण्णांच्या हातातून माईक घेतला. हळूच घेतला, पण घेतला.

मी म्हणाले, “मुलांनो, आजोबांनी पावलं नक्की पाहिली असतील. पण अस्वल चालताना त्याचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडतो. दोन ठसे मिळून एक लांब ठसा दिसतो, माणसासारखा. वर ऊन पडलं की बर्फ वितळून तो आणखी मोठा होतो. ते अस्वल असणार. भ्यालेल्या माणसाला सगळंच मोठं दिसतं.”

टाळ्या झाल्या. आण्णांना मिळाल्या होत्या त्याहून जास्त.

आण्णा खाली बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं, अपमान वाटला असेल. घरी गेल्यावर समजूत काढू. पण ते जेवलेसुद्धा नाहीत. दुपारच्याच एसटीने निघून गेले. शाल आमच्या खुर्चीवर राहिली.

कुणीतरी ते सगळं मोबाईलवर घेतलं होतं. संध्याकाळी ते आमच्या शाळेच्या ग्रुपवर आलं, खाली माझ्यासाठी अंगठे आणि फुलं. मला बरं वाटलं. मी स्वतः ते चौघांना पाठवलं. आठ दिवसांत ती फीत फिरत फिरत मेढ्याच्या बाजारात पोचली. आण्णा चहाच्या टपरीवर गेले की कुणीतरी म्हणायचं, “काय हवालदार, आज कुठं दिसला का रं त्यो?” त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान माणसं त्यांना ‘रं’ म्हणू लागली. पहिल्या दिवशी आण्णाही त्यांच्यासोबत हसले म्हणे. मग त्यांनी टपरीवर जाणं सोडलं.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारची सुट्टी जोडून मी गावी गेले. आण्णा माझ्याशी नीट बोलत होते, पण पाहुण्याशी बोलावं तसं. रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला दारात आत्या उभी. लोणंदहून एकटीच आली होती, साताऱ्याला गाडी बदलून. सत्तरीला टेकलेली बाई. आजवर ती कधी आमच्याकडे आली नव्हती. भाऊ बहिणीकडे जातो, अशीच रीत पडली होती.

आईने पाणी दिलं, चहा ठेवला. आत्या पाणी प्यायली आणि तिने सरळ आण्णांना विचारलं, “दादा, नातसुनंनं मोबाईलवर दावलं. पोरं घरात हसाय लागली. मला सांगा, त्यो व्हता का न्हवता?”

“व्हता की,” आण्णा म्हणाले. पण तिच्याकडे न बघता.

आत्या माझ्याकडे वळली. “तू शिकल्याली हायस. तू सांग.”

मी तेव्हा थांबू शकत होते. ‘आत्या, जगात काय काय असतं कुणाला ठाऊक’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण समोर प्रश्न होता आणि मला उत्तर येत होतं. ज्याला उत्तर येतं त्याने हात वर करायचा, हेच मी आयुष्यभर करत आले.

“असा प्राणी आजवर कुणाला सापडलेला नाही, आत्या,” मी म्हणाले. “हाड नाही, कातडं नाही. पुरावाच नाही.”

तिने मान हलवली. मग अगदी शांतपणे म्हणाली, “मंग माजा मालक कुनाला हाकलाय गेलता?”

मला हा प्रश्न कधी सुचलाच नव्हता. इतकी वर्षं मी पावलांचा विचार करत होते, अस्वलाचा, वितळणाऱ्या बर्फाचा. त्या गोष्टीत एक माणूस मेला होता, याकडे माझं लक्षच नव्हतं.

आण्णा खाटेवर बसले होते. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि बोलायला लागले. मध्ये थांबत, पण एकदाही न अडखळता, जणू मनात हजारदा म्हटलेलं होतं.

“म्या फकस्त ठसं बघितलं. बाकी कायबी न्हाई. पर ठसं बघितलं आन म्या भ्यालो. हमालांचं सगळं खरं वाटाय लागलं. दुसऱ्या दिशी दुपारी वायरलेसच्या एरियलवरचं बर्फ झाडायची पाळी माजी व्हती. पन्नास पावलावर व्हती एरियल. म्या म्हनलं, माजं पोट दुखतंय. पोट दुखत न्हवतं. तुमच्या मालकाला बी म्हाईत व्हतं. त्यो हसला. म्हनला, आस्वल आसंल गड्या, तू झोप, म्या जातो. आन गेला. वरनं बर्फ सुटलं. तिथं दुसरं कोन न्हवतं. त्यानं कुनाला हाकललं न्हाई.”

स्वयंपाकघरात चहा उतू गेला. आई उठली नाही.

“म्या तुमच्याकडं त्याची ट्रंक घिऊन आलो तवा तुमी इचारलं, चौगं व्हता, मंग ह्येच कसं गेलं? त्याला माज्याकडं उत्तर न्हवतं, वयनी. म्हंजी व्हतं. त्ये तोंडातनं निघालं न्हाई. मंग ‘त्यो’ आला तोंडात.”

तिला त्यांनी ‘वयनी’ म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. तोवर ‘आक्का’ म्हणायचे.

“अस्वल असणार.” माईक हातात घेऊन मी नेमके तेच शब्द बोलले होते. आण्णांचा चेहरा तेव्हा का उतरला, ते मला आत्ता कळलं.

आत्याने पाण्याचा तांब्या बाजूला सारला. मग म्हणाली, “म्हंजी तुमच्या भ्यापायी.”

“व्हय.”

“आन चाळीस वर्सं म्या तुमाला ववाळलं.”

ती उठली, पिशवी घेतली. दारातून बाहेर पडताना म्हणाली, “येते, पाव्हणं.”

दादाचे पाहुणे झाले. शिवी दिली असती तर बरं, असं आण्णांना वाटलं असणार. मी तिला स्टँडपर्यंत सोडायला निघाले तर तिने हातानेच नको म्हटलं.

परत आले तर आई सांडलेला चहा पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “झालं समाधान?”

मी आण्णांपाशी बसले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, “आण्णा, एकदाचं खरं बोललात ते बरंच झालं. मन हलकं होतं.”

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. “मला खरं बोलाय चाळीस वर्सं लागली, तुला दोन मिंटं,” ते म्हणाले. “खरं कुनासाटी बोलायचं, ह्ये शिकवत्यात का तुमच्या शाळंत?”

त्यावर मी चिडले. हेही लिहायला हवं. मी म्हणाले, तुम्ही एका बाईला चाळीस वर्षं फसवलंत, दोष मला कसला देता. ते म्हणाले, “बरूबर हाय.” आणि म्हशींना पाणी दाखवायला गेले. त्यानंतर त्या विषयावर आमचं बोलणं झालं नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला आण्णांनी सकाळी लवकर आंघोळ केली, नवा सदरा घातला आणि ओट्यावर बसून राहिले. जायचं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. फोन आला नाही. दुपारी त्यांनी सदरा काढून घडी करून ठेवला. मी कुंकवाचं ताट घेऊन धाकट्या भावाला ओवाळत होते. आण्णा त्या खोलीत आले नाहीत.

पुढच्या थंडीत, शेतातून येताना बांधावर बसले ते उठलेच नाहीत. गावाने तिरंगा मागवला, भाषणं झाली. टपरीवरची तीच माणसं ‘शूर जवान’ म्हणाली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होते आणि मला कुणाचाच राग येत नव्हता, कारण सगळ्यात जास्त टाळ्या घेतलेली बाई त्या गर्दीत मीच होते. लोणंदहून कुणी आलं नाही.

तेराव्यानंतर मी एकटी लोणंदला गेले. का गेले, ते धड सांगता येणार नाही. क्षमा मागायची म्हणावं तर कुणाची आणि कशाबद्दल? मी बोलले त्यात एक शब्द खोटा नव्हता.

आत्या अंगणात शेंगा निवडत होती. तिने मला बस म्हटलं. आण्णा गेल्याचं तिला कळलं होतं. “आयकलं म्या,” एवढंच म्हणाली. मी तिला आत्या म्हणावं की नाही, तेही मला कळेना, म्हणून मी तिला काहीच न म्हणता बोलत राहिले. आण्णा शेवटी शेवटी कसे गप्प झाले होते ते सांगितलं. ती शेंगा फोडत राहिली.

मग म्हणाली, “तुज्या बापाचा राग हाय मला. मरंपातुर ऱ्हाईल. पर माज्या मालकाचा बी हाय. त्याला सगळंच खोटं वाटायचं. देव खोटा, भूत खोटं, हमाल खोटं. हसत गेला. तुज्या बापागत भ्याला आसता तर जगला आसता.”

यावर विज्ञानात उत्तर आहे. बर्फ सुटायचं होतं तेव्हाच सुटलं, त्याला भीतीचं काय. मला ते उत्तर येत होतं. या वेळी मी दिलं नाही. इतक्या उशिराने आलेल्या शहाणपणाची किंमत शून्य, हेही कळत होतं.

तेवढ्यात तिची पणती शाळेतून आली. पाचेक वर्षांची, पाठीवर दप्तर. माझ्यासमोर उभी राहिली आणि मी कोण ते कळल्यावर तिने विचारलं, “तू विज्ञानाची बाई ना? आमच्या पणजोबांनी खरंच राक्षसाला पळवलं का गं?”

आत्याचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत विनंती होती की परीक्षा, मला समजलं नाही. ‘हो’ म्हणायला काय लागतं? एक अक्षर. मी तोंड उघडलं, पण ते अक्षर काही आलं नाही. वीस वर्षं मुलांसमोर उभं राहून खोटं बोलायची सवयच गेली होती.

मुलगी थोडा वेळ थांबली. शिक्षक गप्प बसला की मुलांना उत्तर कळतं. ती मुकाट्याने दप्तर काढून आत गेली.

“जा तू आता,” आत्या म्हणाली. “गाडी चुकंल.”