जन्मतारखेचा रकाना

ऑफिसात त्याला सगळे फौजदार म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये लोक वाट्टेल ते भरतात. ते आत शिरू द्यायचं नाही, हे त्याचं काम. फोन नंबरात एक आकडा कमी पडला की लाल अक्षरांत दटावणी! त्याच्या फॉर्मपुढे भल्याभल्यांची डाळ शिजत नसे.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात भेटीची वेळ मागायचा फॉर्मही त्याचाच. तेव्हा तिथली नर्स म्हणाली होती, "अहो, म्हाताऱ्या माणसांना जन्माचं सालच तेवढं माहीत असतं. तारीख, महिना सक्तीचा नका करू."

"आज तारीख सोडा म्हणता, उद्या नावही सोडा म्हणाल," हा फटकन बोलला. शहाणपणा नुसता उतू चालला होता! तारीख त्याने सक्तीचीच ठेवली.

दीड वर्षाने तो मावशीकडे गेला. आई गेल्यावर हिनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. दार उघडून मावशी म्हणाली, "कोण आहे?" हा हातभर अंतरावर उभा!

त्याने तिथल्या तिथे तो फॉर्म भरला. जन्मतारखेत एक जानेवारी ठोकून दिली आणि दुसऱ्याच दिवशीची वेळ मिळाली. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. चार महिने आधी आला असतात तर बरीच वाचली असती."

परत येताना टॅक्सीत तो चिडलाच. "मावशी, आधी का नाही गेलीस गं?"

"जाणार कशी? तो फॉर्म दहा वेळा भरला. दरवेळी लाल अक्षरं. पुरती तारीख हवी म्हणे. मला सालच तेवढं ठाऊक."

"मग एक जानेवारी टाकायची! सगळे तेच करतात."

"खाली लिहिलं होतं, वरील माहिती खरी आहे. खोटं कसं लिहू रे?"

ती ओळही त्याचीच. थापा मारणारे सगळे आत गेले होते, आणि ही एकटी बाहेर राहिली होती.

"मला एक फोन करायचास."

"तुझ्या कामात कशाला लुडबुड? म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल."

त्याला राहवेना. "मावशी, तो फॉर्म मी केलाय. तारीख सक्तीची मीच केली. तिथली नर्स नको म्हणत होती, तरी केली."

मावशीने चाचपडत त्याचा हात शोधला आणि कौतुकाने थोपटला. "तू केलास होय? मग बरोबरच असणार. माझंच चुकलं."